रवाना, प्रकृती स्थिर

"हे खरे नाही," मंत्री म्हणाले. हातातल्या कागदाकडे त्यांनी बघितलंही नाही. "त्यामुळे भाग दोन आणि तीनचा प्रश्न उद्भवत नाही."

विधानसभेतल्या शेवटून दुसऱ्या बाकावरची सिस्टर ताडकन उभी राहिली.

"अध्यक्ष महोदय, उपप्रश्न."

अध्यक्षांनी समोरच्या घड्याळाकडे बघितलं. तास संपायला दोन मिनिटं होती. "बोला. थोडक्यात."

"आमच्या तालुक्याच्या रुग्णालयात भूल द्यायला डॉक्टर नाही म्हणून सव्वातीन वर्षं ऑपरेशन थिएटरला कुलूप आहे आणि त्यापायी बाळंतिणी दगावल्या, हे खरं आहे का, असं मी विचारलंय. मंत्री म्हणतात, खरं नाही. मग त्या कुलपाची किल्ली कोणाच्या खिशात आहे, तेवढं तरी सांगा."

विरोधी बाकांवर हशा पिकला. दोघातिघांनी बाकं वाजवली. सिस्टर हसवायला बोलली नव्हती. तिच्या कानशिलांवरच्या शिरा तटतटल्या होत्या.

मंत्री सावकाश उठले. माणूस मऊ बोलणारा. "सन्माननीय सदस्यांच्या भावना मी समजू शकतो. त्या स्वतः या क्षेत्रात होत्या. पण तिथलं भूलतज्ज्ञाचं पद भरलेलं आहे. गेल्या वर्षभरात त्या रुग्णालयात एकही मातामृत्यू झालेला नाही. नोंदी तपासूनच हे उत्तर दिलेलं आहे."

"भरलेलं आहे कागदावर! तो डॉक्टर तीन वर्षं इथे राजधानीत, तुमच्याच खात्याच्या..."

"प्रश्नोत्तराचा तास संपला," अध्यक्ष म्हणाले.

तिच्यापुढच्या माइकचा लाल दिवा विझला. तरी ती बोलतच होती. पुढच्या बाकावरचे एक वयस्क आमदार मागे वळले आणि हळूच म्हणाले, "ताई, बसा आता. ऐकू जात नाहीये."

ती बसली. तिने दोन्ही हात साडीच्या घडीत दाबून धरले. सत्तावीस वर्षं या हातांनी अडलेली पोरं बाहेर काढली होती.

सिस्टर हे काही तिचं नाव नव्हे. पण मतपत्रिकेवर खऱ्या नावापुढे कंसात तेच छापावं लागलं होतं, नाहीतर लोकांना कळलंच नसतं की ही बाई कोण. पक्षातले दोन मातब्बर उमेदवारीसाठी एकमेकांच्या उरावर बसले, तेव्हा दोघांच्याही डोळ्यात न खुपणारं कोणीतरी हवं होतं. नुकतीच निवृत्त झालेली प्रसूतिकक्षाची सिस्टर त्यांना सापडली. पडली असती तरी कोणाचं काही जात नव्हतं. प्रचारात तिला भाषण जमेना. ती सरळ घरात शिरायची, ओट्यावर बसलेल्या बाप्याकडे बोट दाखवून म्हणायची, "हा पायाळू. रात्रभर छळलंन् आम्हाला," आणि घरभर हसू फुटायचं. ती नऊ हजारांनी निवडून आली आणि मातब्बर दोघेही तोंडात बोटं घालून बसले.

निवडून आल्यावर तिच्या डोक्यात एकच काम होतं, त्या थिएटरचं कुलूप. निवृत्तीच्या आधीची शेवटची दोन वर्षं तिने त्या बंद दारासमोरून बाळंतिणी गाडीत चढवल्या होत्या. जिल्ह्याचं मोठं रुग्णालय अठ्ठ्याहत्तर किलोमीटरवर. भूलतज्ज्ञाची जागा भरलेली, पगार इथून निघायचा, आणि डॉक्टर मात्र "तात्पुरत्या प्रतिनियुक्तीवर" राजधानीत. सहा महिन्यांची तात्पुरती प्रतिनियुक्ती सहा वेळा वाढली होती. वर्षाच्या सुरुवातीपासून तिने त्याबद्दल अकरा पत्रं लिहिली. अकराही पत्रांना उत्तर आलं. अकराही उत्तरांत एकच वाक्य होतं: योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे.

"या वाक्याचा अर्थ काय हो, भाऊसाहेब?" तिने विचारलं होतं.

भाऊसाहेब म्हणजे त्याच रुग्णालयाचे जुने हेडक्लार्क. तेही निवृत्त झाले आणि सिस्टरच्या घराच्या पुढच्या खोलीत तिचं कार्यालय सांभाळू लागले. कायम इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं.

"अर्थ असा की तुमचं पत्र पोचलं आणि फायलीत गेलं," ते म्हणाले. "चाळीस वर्षं हे वाक्य मीच लिहीत होतो, सिस्टर. याचा दुसरा काही अर्थ असता तर मला कळला असता."

रविवारी त्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. कोणाला बदली हवी असे, कोणाला विजेचा खांब. एक गृहस्थ तीन रविवार येत होता. आमदारांनी त्याच्या सुनेला माहेरून परत यायचा आदेश काढावा, अशी त्याची मागणी होती. सिस्टर वैतागून म्हणायची, "अहो, मला साधा डॉक्टर आणता येईना, सून कुठून आणू?" आत तिचा नवरा, निवृत्त चित्रकला शिक्षक, चहाचे कप विसळता विसळता हसायचा. पण सगळी माणसं गेली की ती पायऱ्यांवर येऊन बसायची आणि त्याला म्हणायची, "अकरा पत्रं. एखाद्या दगडाला लिहिली असती तर त्याने तरी हालचाल केली असती." तो कप पुसत राही. बोललं तर ती त्याच्यावरच घसरणार, हे तीस वर्षांच्या संसारात त्याला पाठ झालं होतं.

आणि मग पहिल्या अधिवेशनातली ती दुपार.

रुग्णालयाच्या लाँड्रीत कपडे धुणाऱ्या मावशी होत्या. सिस्टर तिथे लागली त्याच्या दुसऱ्या वर्षी त्या लागल्या. रक्ताने माखलेल्या चादरी सिस्टरने उचलायच्या आणि मावशींनी धुवायच्या, असा दोघींचा इतक्या वर्षांचा संबंध. मावशींना एकच मुलगी. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सिस्टरने तिला स्वतः तपासलं होतं, पोटावर हात फिरवून म्हणाली होती, "बाळ मोठं आहे. तारखेच्या आधीच हिला जिल्ह्याला नेऊन ठेवा, मावशी." पण तारखेच्या बारा दिवस आधीच कळा सुरू झाल्या.

त्या दिवशी साडेबाराला सभागृहाबाहेरच्या सज्जात सिस्टरचा फोन वाजला. प्रसूतिकक्षातली तिची जुनी जोडीदारीण बोलत होती. "ताई, मावशींची पोरगी आलीये. अडलीये. डोकं खाली सरकतच नाही. डॉक्टर म्हणतात, सिझरच करावं लागेल. आता काय करू?"

शेजारच्या गावात भूल देणारा एक खासगी डॉक्टर होता. सरकारी दवाखान्यात पाऊल टाकायला तो तयार नसायचा, पण सिस्टरने शब्द टाकला असता तर आला असता. त्याच्या दोन्ही मुली तिच्या हातावर झाल्या होत्या. तो चाळीस मिनिटांत पोचला असता. थिएटरची किल्ली अधीक्षकांच्या टेबलात होती.

"थांब. मी त्याला फोन लावते," सिस्टर म्हणाली आणि नंबर शोधू लागली.

तेवढ्यात मतदानाची घंटा वाजली. पक्षाचे प्रतोद, म्हणजे मतदानाला सगळे हजर राहतील हे बघणारे, दारातून धावत आले आणि त्यांनी तिचा दंड धरला.

"ताई, आत. आत. दारं बंद होतील."

"एक फोन करू द्या. दोन मिनिटं."

"अहो, एकेक मत मोलाचं आहे. पक्षादेश निघालाय. दहा मिनिटांत मोकळ्या व्हाल. फोन बंद करा आधी."

ती आत गेली. ती जागा तिला पुढे कितीतरी वेळा आठवली. प्रतोदांनी दंड धरला होता, ओढलं नव्हतं. ती आपल्या पायांनी आत गेली. नवी होती, नियम मोडायला घाबरली. जन्मभर डॉक्टरांची, अधीक्षकांची, वरच्यांची आज्ञा पाळलेली बाई. घंटा वाजली की धावायचं, हे तिच्या अंगात मुरलं होतं.

दहा मिनिटांचा सव्वा तास झाला. दारं बंद झाली आणि कोणीतरी हरकत घेतली, कोणीतरी कागद फाडला, सगळे मोकळ्या जागेत उतरून ओरडू लागले. सिस्टर बाकावर बसून दाराकडे बघत होती. दाराशी उभ्या असलेल्या रक्षकाला तिने दोनदा विनवलं, तो म्हणाला, "मतदान संपल्याशिवाय नाही उघडता येत, बाईसाहेब." ठराव होता आमदारांच्या समित्यांची मुदत सहा महिन्यांनी वाढवण्याचा. तो एकसष्ट मतांच्या फरकाने मंजूर झाला.

बाहेर येऊन तिने फोन सुरू केला. जोडीदारणीचे सात फोन येऊन गेले होते. तिने लावला.

"गाडी गेली, ताई. अर्धा तास झाला. तुमचा फोन लागेना, तो डॉक्टर माझं ऐकेना. थांबून काय करणार?"

मावशींची मुलगी बावन्नाव्या किलोमीटरला गेली. गर्भाशय फाटलं, बाळ पोटातच. गाडीत मावशी होत्या. पोरीचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं.

सिस्टर दुसऱ्या दिवशी सकाळी पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. मावशी दाराच्या आत भिंतीला टेकून बसल्या होत्या. सिस्टर त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली. मग मावशी तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमचा फोन लागत नव्हता म्हणे."

"हो," सिस्टर म्हणाली.

त्यावर मावशींनी काही विचारलं नाही, आणि सिस्टरला स्वतःहून सांगता आलं नाही.

तिथून ती तडक रुग्णालयात गेली आणि प्रसूतिकक्षाची नोंदवही मागितली. अधीक्षक चाचरले, पण आमदाराला नाही कसं म्हणणार? त्या दिवसाच्या नोंदीत लिहिलं होतं: "पुढील उपचारासाठी रवाना. प्रकृती स्थिर." जिल्ह्याच्या रुग्णालयात फोन केला. तिथली नोंद: "आणण्यापूर्वी मृत." म्हणजे इथे मेली नाही, कारण इथून ती स्थिर गेली. तिथेही मेली नाही, कारण तिथे ती आलीच मेलेली. दोन रुग्णालयांच्या मध्ये अठ्ठ्याहत्तर किलोमीटरचा रस्ता होता आणि रस्त्याला नोंदवही नव्हती.

तिने मागची पानं उलटली. रवाना, स्थिर. रवाना, स्थिर. तिच्या निवृत्तीच्या तारखेच्या मागे अक्षर बदललं. ते टपोरं, उभट अक्षर तिचं स्वतःचं होतं. ज्यांचा श्वास गाडीत चढवतानाच अडखळत होता त्यांच्यापुढेही तिने "प्रकृती स्थिर" लिहिलं होतं, कारण तसं लिहायची पद्धत होती, कारण आधीच्या सिस्टरने तेच शिकवलं होतं. तिने वही मिटली आणि इतक्या जोरात टेबलावर आपटली की अधीक्षकांचा चष्मा खाली पडला.

"सिस्टर, माझं काय चुकलं?" ते म्हणाले.

"तुमचं नाही," ती म्हणाली. "तुमच्या एकट्याचं नाही."

त्या संतापातून तो प्रश्न निघाला होता. भाऊसाहेबांनी तो कायद्याच्या भाषेत बसवून दिला, आणि पुढच्या अधिवेशनात मंत्र्यांनी कागदाकडे न बघता त्याला मूठमाती दिली. माइक बंद झाला त्याच दिवशी तिने ठरवलं की आता गप्प बसायचं नाही. मंत्र्यांनी सभागृहाला खोटी माहिती दिली म्हणून हक्कभंगाची नोटीस द्यायची. आपल्याच पक्षाच्या मंत्र्यावर. भाऊसाहेबांनी नियमांचं पुस्तक वाचून मसुदा तयार केला. सिस्टरने दोन्ही रुग्णालयांच्या नोंदी, गाडीच्या चालकाचा जबाब, जोडीदारणीचं निवेदन गोळा केलं. जोडीदारणीने सही करताना एवढंच म्हटलं, "नोकरी गेली तर तुमच्या दारात येऊन बसेन हं."

तिसऱ्या अधिवेशनाच्या दुसऱ्या दिवशी मंत्र्यांनी तिला आपल्या दालनात बोलावलं. गालिचा, काचेचं टेबल, गार हवा. त्यांनी स्वतः उठून खुर्ची पुढे केली.

"ताई, तुमची नोटीस माझ्यापर्यंत आलीये. खरं सांगू? तुमचा राग रास्त आहे."

"मग सभागृहात तसं सांगा."

"सभागृहात सांगितलं की माझं उत्तर खोटं ठरतं. मग विरोधक माझा राजीनामा मागणार, चार दिवस गोंधळ होणार, आणि तुमच्या गावाला काय मिळणार? चौकशी समिती. तिचा अहवाल यायला दोन वर्षं." ते थोडे पुढे झुकले. "तुम्हाला भूलतज्ज्ञ हवाय ना? आज संध्याकाळी आदेश काढतो. आठ दिवसांत रुजू. तुम्ही नोटीस मागे घ्या, आणि हा विषय सभागृहात पुन्हा काढू नका. बस."

"साडेतीन वर्षं जमत नव्हतं ते संध्याकाळी जमतं?"

मंत्री हसले. त्यांना राग येत नसे, आणि सिस्टरला त्याचीच जास्त चीड आली. "जमवलं की जमतं, ताई."

"मला दोन दिवस द्या."

तिने गाडी केली आणि गाव गाठलं. दुपारी लाँड्रीत गेली. मावशी हौदाजवळ उभ्या होत्या, कोपरापर्यंत साबणाचा फेस. सिस्टरने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ती त्या दिवशी कुठे होती, फोन का बंद होता, कसल्या ठरावाला मत दिलं, तेही. मग मंत्र्यांचं बोलणं सांगितलं.

"नोटीस चालवली तर तुमच्या मुलीचं नाव सभागृहात जाईल. खरं काय झालं ते कायमचं लिहिलं जाईल. पण डॉक्टर मिळेलच असं नाही. मागे घेतली तर डॉक्टर आठ दिवसांत येईल. पण कागदोपत्री... कागदोपत्री ती गेलीच नाही, असं राहील. म्हणून म्हटलं, तुम्हाला विचारावं."

मावशींच्या हातातली चादर खाली गेली. त्या वळल्या. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज सिस्टरने कधी चढलेला ऐकला नव्हता.

"मला विचारायला आलात? पोर माझी गेली आणि हा सौदाही मीच करायचा? डॉक्टर नको म्हटलं तर उद्या जी कोणी मरेल ती माझ्यामुळे. हवा म्हटलं तर माझीच पोर मी खोटी पाडली. हे ओझं माझ्या डोक्यावर द्यायला इतक्या लांबून आलात?" त्यांनी हातांवरचा फेस झटकला. "लोकांनी तुम्हाला निवडून दिलं ना? मग तुम्ही ठरवा. निदान एवढं तरी तुम्ही करा!"

त्या पुन्हा हौदाकडे वळल्या. सिस्टर निघून आली. तिला वाटलं होतं की आपण मोठा न्याय करतोय, विचारतोय. मावशींच्या बोलण्याने तिच्या अंगावर कोणी उकळतं पाणी ओतल्यासारखं झालं, कारण त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं.

नवऱ्याने जेवायला वाढलं. तिने ताट सरकवलं. "मी काय करू, सांग ना."

"अगं, मी चित्रं शिकवली जन्मभर," तो म्हणाला. "मला एवढंच कळतं की तू रोज त्या दारासमोर उभी राहायचीस. ते उघडायला गेलीस."

तिने नोटीस मागे घेतली. मंत्र्यांसमोर सही करताना पेनाचं टोक कागदात रुतलं. आदेश हातात पडेपर्यंत ती दालनातून हलली नाही; टंकलेखकाच्या मागे उभी राहून तिने तो छापून घेतला. भूलतज्ज्ञ सहाव्या दिवशी रुजू झाला. तिशीतला, कुरकुऱ्या, पण कामाला चोख. थिएटरचं कुलूप गंजलं होतं, ते तोडावं लागलं. उद्घाटन करा म्हणून पक्षाचे लोक फीत घेऊन आले, तर सिस्टर त्यांच्यावर अशी कडाडली की ते फीत तिथेच टाकून निघाले. "साडेतीन वर्षं बंद ठेवलं त्याचं उद्घाटन? लाजा वाटू द्या!"

दोन महिन्यांत तिथे एकोणीस सिझर झाली. एकोणीस आया घरी गेल्या. सिस्टरला बरं वाटायचं, पण राग गेला नाही. तो कुठे ठेवायचा तेच तिला कळेना. रस्त्यात कोणी हात जोडून "तुमच्यामुळे झालं" म्हणालं की ती खेकसायची, "माझ्यामुळे काय? हे तुमच्या हक्काचं होतं." लोक एकमेकांकडे बघायचे, आमदारीणबाईंना सत्ता मानवली नाही, म्हणायचे.

वर्ष संपत आलं. पक्षाच्या प्रत्येक आमदाराने आपल्या वर्षभराच्या कामाची पुस्तिका छापून वाटायची असते. भाऊसाहेबांनी महिनाभर खपून मजकूर तयार केला: सभागृहातली हजेरी, विचारलेले प्रश्न, लिहिलेली पत्रं, बसवलेले खांब, पाण्याची टाकी, दुरुस्त झालेल्या शाळा. मुखपृष्ठावर सिस्टरचा हात जोडलेला फोटो. शेवटची ओळ होती: "आमदारांच्या अथक पाठपुराव्याने रुग्णालयातील शस्त्रक्रियागृह कार्यान्वित."

सिस्टरने सगळं वाचलं. मग म्हणाली, "ही ओळ काढा. आणि मला एक पान द्या."

तिने ते पान स्वतः लिहिलं. एका बैठकीत लिहून झालं. वरती मावशींच्या मुलीचं पूर्ण नाव, वय, गाव. खाली तारीख, वेळ आणि बावन्नावा किलोमीटर. मग: "ही बाई आणि तिचं बाळ कोणत्याही रुग्णालयाच्या मृत्यूंत मोजलेली नाहीत. सभागृहात दिलेल्या उत्तरानुसार असा मृत्यू झालाच नाही. भूल देणारा डॉक्टर त्या दिवशी राजधानीत होता. या भागाची आमदार त्या दिवशी सभागृहात होती. तिने फोन बंद केला आणि एका ठरावाला मत दिलं. त्या मताची गरज नव्हती. यापूर्वी नर्स असताना तिने स्वतः अनेक बाळंतिणींपुढे 'प्रकृती स्थिर' असं खोटं लिहिलेलं आहे."

भाऊसाहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा वाचलं. "सिस्टर, ही कामाच्या अहवालाची पद्धत नाही."

"माहीत आहे."

"पुढच्या वेळी उमेदवारी मिळणार नाही."

"तेही माहीत आहे. छापायला द्या."

पुस्तिका छापून आल्या, छापखान्यातून बातमी वर गेली आणि तिसऱ्या दिवशी मंत्र्यांचा फोन आला. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजातला मऊपणा उतरला होता. "ताई, शब्द दिला होतात तुम्ही."

"सभागृहात बोलणार नाही, असा दिला होता. बोलले नाही. घरच्या छपाईबद्दल तुम्ही काही बोलला नव्हता."

"पक्षाला याचा विचार करावा लागेल."

"करा ना. विचार करायला कोणी नको म्हटलंय? आणि एक सांगते. आता तो डॉक्टर परत नेलात तर एकोणीस बायका पोरं कडेवर घेऊन तुमच्या काचेच्या टेबलासमोर येऊन बसतील. मी आणीन." तिने फोन ठेवला.

एक हजार पुस्तिकांचे गठ्ठे पुढच्या खोलीत पडले होते. वाटायला सुरुवात करण्याआधी तिने एक उचलली आणि मावशींच्या घरी गेली. त्या दिवसानंतर दोघी बोलल्या नव्हत्या. मावशींनी दार उघडलं आणि वाटेतून बाजूला झाल्या. या, म्हणाल्या नाहीत.

सिस्टरने ते पान उघडून पुढे केलं. मावशी खिडकीपाशी उजेडात गेल्या. चौथीपर्यंत शिकलेल्या, बोट ठेवून, ओठ हलवत वाचत होत्या. पोरीच्या नावावर बोट थांबलं, बराच वेळ थांबलं. मग सरकलं, पुन्हा थांबलं.

"चोवीस लिहिलंय."

"काय?"

"वय. चोवीस नव्हती. तेवीस होती. चोवीस लागायला महिना होता."

सिस्टरने पान हातात घेतलं. वय तिने रुग्णालयाच्या नोंदीवरून घेतलं होतं. तिथे कोणीतरी घाईत अंदाजाने टाकलं असणार. आतापर्यंतचा सगळा राग एकदम निवल्यासारखा झाला आणि तिथे नुसती लाज उरली. "बदलते," ती म्हणाली. "सगळ्यांवर बदलते."

"किती आहेत?"

"हजार."

मावशींनी खुंटीवरची पिशवी घेतली, चपला घातल्या. "चला."

पुढच्या खोलीत दोघी जमिनीवर बसल्या. भाऊसाहेबांनी न विचारता खिशातली दोन्ही पेनं काढून दिली. मावशी गठ्ठ्यातली पुस्तिका घ्यायच्या, ते पान उघडून सपाट धरायच्या, आणि सिस्टर चारावर काट मारून वर तीन काढायची. शाई वाळेपर्यंत मावशी पानावर फुंकर घालायच्या. संध्याकाळी दिवा लावावा लागला तेव्हा चारशेच्या वर झाल्या होत्या. एका पुस्तिकेवर सिस्टरचा तीन घाईत वाकडा आला, तेव्हा मावशींनी पान सोडलं नाही. बोट ठेवून त्या म्हणाल्या, "हा नीट काढा."

सिस्टरने तो पुन्हा काढला.